राहुकाळात वाफ बंद होत नाही

नोकरीत मी भाषा बनवायचे, असं सांगितलं की पुण्यातले लोक माझ्याकडे संशयाने बघतात. माझं बोलणं ऐकून त्यांना आधीच वाटत असतं की ही बाई मराठी घरच्या घरी बनवते. संशय अगदीच खोटा नाही. आम्ही तंजावूरचे मराठी. आमच्याकडे 'झालं'चं अजून 'जालं'च होतं आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर चढतो. देवनागरी मी शाळेत हिंदीच्या परीक्षांपायी शिकले आणि पुण्यातल्या पहिल्या नोकरीत घासूनपुसून घेतली. माझ्या मुलीला मराठी कळतं सगळं, पण उत्तर तमिळमध्ये येतं. हा लेख ती वाचणार नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते.

मी बनवायचे ती भाषा माणसांनी बोलायची नव्हती. ती एका पेटीला सांगायची होती.

आधी ही पेटी कसली ते सांगते. कावेरीच्या या पट्ट्यात घराघरात उकडा तांदूळ खातात. साळ कांडण्याआधी गिरणीत तिला मोठ्या टाकीत गरम पाण्यात भिजवतात, पाणी उपसतात, थोडा वेळ वाफ देतात, मग वाळवतात. वाफ कमी पडली तर कांडताना कणी होते. जास्त झाली तर दाणा फुटतो आणि टाकीत खिचडीसारखा पोंगल तयार होतो, तोही बिनतुपाचा. पूर्वी हे काम हाताच्या व्हॉल्व्हवर आणि एखाद्या म्हाताऱ्याच्या नाकावर चालायचं. आमची कंपनी त्या व्हॉल्व्हना मोटर लावून एक पेटी द्यायची. पेटीला काय सांगायचं, ते ज्या भाषेत लिहायचं तिचं नाव नेल. तमिळमध्ये साळीला नेल म्हणतात. नाव ठेवायला एक दुपार पुरली. पुढे जे झालं त्याला नोकरीची बहुतेक वर्षं लागली.

कंपनी म्हणजे तंजावूरला दक्षिणेकडच्या मोठ्या रस्त्यावर पितळी भांड्यांच्या दुकानावरचा मजला. मालक वेंकोबा राव. मी त्यांना वेंकण्णा म्हणायचे, कारण राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं घर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि ते मला परकरात बघितलेले. प्रोग्रॅम लिहायला सेल्वम. हुशार मुलगा, पण 'होत नाही' एवढं त्याच्या तोंडून निघायचं नाही. 'होईल मॅडम, पण…' म्हणायचा, आणि 'पण'च्या पुढचं कोणी ऐकायचं नाही. माझं काम राहिलेलं सगळं: चाचण्या, माहितीपुस्तक, गिरणीवाल्यांना शिकवणं, आणि याद्या. मला यादीशिवाय सुचत नाही. आमच्या फ्रीजवर फ्रीजमध्ये काय आहे त्याची यादी असते. नवरा म्हणतो, दार उघडून बघ. तो दार उघडून बघतो, म्हणूनच त्याला काही सापडत नाही.

नेल पहिल्यांदा बनली तेव्हा तिच्यात आठ शब्द होते. ते तमिळ होते, इथे मराठीत देते: भर, तापव, भिजव, उपस, वाफ, बंद, वाळव, हाक. वेळ सांगायची तर शब्दापुढे आकडा. 'हाक' म्हटलं की घंटा वाजायची आणि माणूस यायचा. बस्स.

ही भाषा गोमती अम्मांसाठी बनली. तिरुवैयारूच्या पलीकडे, कालव्याकाठी, नारळीच्या बागेला लागून त्यांची लहान गिरणी. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली. बाई उंच, आवाज त्याहून उंच. मी शिकवायला गेले तेव्हा म्हणाल्या, "बघ कण्णू," म्हणजे बाळा, "मला इंजिनियर ठेवायचा नाही. तो लग्नाला गेला की माझी साळ कुजणार. मला स्वतःला वाचता आलं पाहिजे." दुपारपर्यंत त्यांनी स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, आणि पेंटरला बोलावून गिरणीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतला. भर. तापव. भिजव चार तास. उपस. वाफ वीस मिनिटं. बंद. वाळव. हाक. कुणीही भिंत वाचावी आणि पेटी काय करते आहे ते सांगावं. या धंद्यात मी यापेक्षा सुंदर काही पाहिलेलं नाही.

मग आम्ही ते बिघडवायला घेतलं.

इथे आमची एक पद्धत सांगितली पाहिजे. नवरात्रात आमच्या घराघरांत कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर बाहुल्या. नियम दोन. दरवर्षी निदान एक नवी बाहुली आलीच पाहिजे, आणि जुनी टाकायची नाही. नाक तुटलेला लाकडी राजा असो, चुलतसासूने दिलेला प्लास्टिकचा क्रिकेट संघ असो, सगळे दरवर्षी पायरीवर. माझ्या आईच्या वेळी पाच पायऱ्या होत्या, माझ्याकडे नऊ झाल्या. नवरात्रात आमचा सोफा गच्चीत असतो.

वेंकण्णांनी हाच नियम कंपनीला लावला. आयुधपूजेच्या दिवशी सगळे कॉम्प्युटर पुसून चंदन-कुंकू लावायचं आणि नेलची नवी आवृत्ती पेन ड्राइव्हमध्ये घालून सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवायची. त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी, ती गिरण्यांना पाठवायची. आणि आवृत्ती नवी म्हणजे तिच्यात नवा शब्द हवाच. एका वर्षी मी म्हटलं, यंदा नवं काही नको, आहे तेच नीट करू. वेंकण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी कोलू मांडायचाच नाही म्हटलं.

"देवापुढे रिकामा पेन ड्राइव्ह ठेवू काय गे, सुगुणा?"

एक शब्द वाढला तर काय बिघडलं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पंगतीत नववा माणूस आला तर एक पान वाढवायचं, संपलं. भाषेत तसं नसतं. भाषेत नवा शब्द म्हणजे मोठ्या घरात आलेली सून. तिचं आधीच्या प्रत्येकाशी जमतं का ते बघावं लागतं. आणि सगळ्यांशी एकेकटं जमलं तरी सासू आणि धाकटी नणंद एकाच खोलीत असताना काय होईल, ते वेगळं बघावं लागतं. दहाव्या-बाराव्या सुनेनंतर कुणी बघत नाही. नशिबावर सोडतात.

शब्द यायचे ते गिऱ्हाइकांकडून. कुंभकोणमकडचे एक गृहस्थ म्हणाले, प्रत्येक साळ सारखी नसते, मला 'चार तास' नको, 'सुमारे चार तास' पाहिजे. सेल्वम म्हणाला, "होईल सर, पण…" सुमारे म्हणजे किती, यावर तो बरेच दिवस विचार करत बसला. शेवटी पेटी दर वेळी मनाला येईल तेवढी मिनिटं पुढेमागे करू लागली. गृहस्थ खूश. त्यांचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, आता पेटी अगदी आमच्या मालकांसारखी झाली."

दुसऱ्या एकांचे जावई सिंगापुरात. टाकी भरली की जावयांना मेसेज जावा, असं त्यांचं म्हणणं. का? "त्यांना कळू दे, आपली गिरणी चालते." आला शब्द: 'जावयाला कळव'. सिंगापूरला दिवसातून कितीदा तरी बातमी जायची की पाणी उपसलं. जावयाने नंबर बदलला. शब्द राहिला.

सगळ्यांत महाग पडला 'वारसा'. वेंकण्णांच्या ओळखीचे एक इंजिनियरिंग कॉलेजचे प्राध्यापक कॉफीला आले आणि म्हणाले, आजच्या काळात वारशाशिवाय भाषा म्हणजे खेळणं. वारसा म्हणजे असं: एका टाकीला मूळ टाकी ठरवायचं, बाकीच्या टाक्या तिचे गुण आपोआप घेतात. कल्पना चांगलीच आहे, मोठ्या भाषांत चालतेही. मी ती शिकवायला गेले तीन भावांच्या गिरणीत. तीन भाऊ, तीन टाक्या. मी फळ्यावर मधली टाकी काढली आणि म्हटलं, "समजा ही वडील. या दोघींना हिच्याकडून वारसा मिळतो."

तिन्ही भाऊ ताठ बसले. मग थोरला म्हणाला, "मधली का म्हणून?"

"उदाहरण आहे, सर."

"ती टाकी याची आहे." त्याने मधल्या भावाकडे न बघता बोट केलं. "कोर्टात तारीख लागली आहे, अम्मा. तिच्याआधी वारशाचं मी काहीही लिहून देणार नाही. तुमच्या फळ्यावरसुद्धा नाही."

धाकटा उठला आणि त्याने फळा पुसला. एवढ्या एका गोष्टीवर तिन्ही भाऊ एकमत झालेले मी पाहिले.

असं करत करत भाषेत साठाच्या वर शब्द झाले. माहितीपुस्तक जाडजूड झालं. गिरणीवाले आता स्वतः लिहीत नव्हते. तंजावूरहून कुणी 'नेल जाणणारा' मुलगा बोलावत, आणि तो लग्नाला गेला की साळ कुजत असे. गोमती अम्मांनी सांगितलेलं भाकीत आम्ही अगदी शिस्तीत खरं करून दाखवलं. मला तेव्हा नोकरीत एकच गोष्ट हवी होती. पगारवाढ नाही, केबिन नाही. नेलमधून एक शब्द, कुठलाही एक, काढून टाकायचा होता. दर वर्षी मी विचारायचे. दर वर्षी वेंकण्णा म्हणायचे, "कोणीतरी वापरत असेल गे."

आणि खरंच असायचा. 'जावयाला कळव' हा शब्द एक गृहस्थ बायकोला जेवायला येत असल्याचं कळवायला वापरत होते.

मग आले पेरियसामी. मोठी गिरणी, मोठी गाडी, कपाळावर मोठा विभूतीचा पट्टा. त्यांना राहुकाळ पाहिजे होता.

राहुकाळ महाराष्ट्रात पंचांगात असतो. आमच्याकडे तो रस्त्यावर असतो. दिवसातला दीड तास, वाराप्रमाणे वेळ वेगळी. त्या वेळात नवं काम सुरू करायचं नाही. रिक्षावाल्यालाही तोंडपाठ. पेरियसामी म्हणाले, माणसाला मी सांगू शकतो, पेटीला कोण सांगणार? परवा तिने मंगळवारी सव्वातीनला नवी टाकी भरायला घेतली. माझ्या अंगावर काटा आला.

वेंकण्णांचे डोळे चमकले. जगातल्या कुठल्याही भाषेत नसलेला शब्द! सेल्वमने तो केला. नियम सोपा ठेवला: राहुकाळ चालू असेल तर प्रोग्रॅमची कुठलीही नवी ओळ सुरू होणार नाही, राहुकाळ संपला की आपोआप पुढे. आणि वेंकण्णांनी वरून फर्मान काढलं की हा शब्द लिहावा लागू नये, सगळ्या पेट्यांत मुळातच चालू असावा. "नको म्हणणारा कोण आहे या जिल्ह्यात?"

माझ्या चाचण्यांच्या यादीत एक ओळ होती: 'प्रत्यक्ष राहुकाळात चालवून बघणे'. साधी गोष्ट. पण आमच्या ऑफिसातही राहुकाळात नवं काम सुरू होत नसे. नवी चाचणी हे नवं काम. म्हणून त्या दीड तासात आम्ही कॉफी प्यायचो, आणि राहुकाळ संपला की वेंकण्णा म्हणायचे, "हां, आता घ्या." घेतलं की सगळं उत्तम चालायचं. राहुकाळाचा शब्द राहुकाळ सोडून दिवसाच्या प्रत्येक वेळी निर्दोष होता.

सेल्वमने सुचवलं, "सर, कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करू. खोटा राहुकाळ आणू."

वेंकण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "मुद्दाम? ऑफिसात? नवरात्राच्या तोंडावर?"

यादीत त्या ओळीपुढे मी 'बाकी' लिहिलं. विजयादशमी कुणासाठी पुढे ढकलता येत नाही. आवृत्ती गेली.

वर्षभर काहीच झालं नाही. बहुतेक गिरण्या पहाटेच वाफ देऊन मोकळ्या होत. ज्यांची वाफ राहुकाळात सापडायची तिथला माणूस हाताने व्हॉल्व्ह बंद करून आम्हाला शिव्या देत असणार; त्या आमच्यापर्यंत पोचल्या नाहीत. गोमती अम्मांना तर धोकाच नव्हता, कारण त्यांनी एकही नवी आवृत्ती घेतली नव्हती. दरवर्षी मी फोन करायचे, दरवर्षी त्या विचारायच्या, "भिंत पुन्हा रंगवावी लागेल का?" "नवे शब्द वापरले तर लागेल अम्मा." "मग नको."

पण एका वादळात त्यांच्या गिरणीवर वीज कोसळली आणि जुनी पेटी जळाली. नवी दिली. नव्या पेटीत अर्थातच नवी आवृत्ती. त्यांचे आठ शब्द तिच्यातही चालत होते, तेव्हा भिंत तशीच राहिली.

कुरुवैचा, म्हणजे लवकर येणाऱ्या साळीचा हंगाम, नवरात्र जवळ आलेलं. बुधवार. बुधवारी राहुकाळ बारा ते दीड. गोमती अम्मांच्या टाकीत बाराला थोडी मिनिटं कमी असताना 'वाफ वीस मिनिटं' सुरू झालं. वाफ सुरू झाली तेव्हा राहुकाळ नव्हता, म्हणून पेटीने हरकत घेतली नाही. वीस मिनिटं झाली. पुढची ओळ: बंद. पण आता राहुकाळ लागलेला, आणि 'बंद' ही नवी ओळ. पेटीने धर्म पाळला. पडद्यावर नम्रपणे लिहिलं, 'शुभ वेळेची वाट पाहत आहे', आणि वाफ सोडत राहिली.

बॉयलरवरचा मारिमुत्तू जेवायला बसला होता. उठून आला, पडदा वाचला, ऑफिसात फोन केला. फोन सेल्वमने घेतला. "काळजी करू नका, राहुकाळ आहे, दीडला आपोआप सुरू होईल," असं सांगून ठेवला. काय सुरू होईल, हे दोघांपैकी कोणी विचारलं नाही. गोमती अम्मा शेतावरून आल्या तेव्हा एक वाजून गेला होता. त्यांनी ओलं गोणपाट हाताला गुंडाळून स्वतः व्हॉल्व्ह बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गावच्या बसने ऑफिसात आल्या. हातात झाकणाचा मोठा डबा, लग्नात सांबार वाढायला नेतात तसला. त्या सरळ आत गेल्या. वेंकण्णांच्या टेबलावर केळीचं पान पसरलं, डबा उघडला आणि पळीने वाढलं. फुटलेले दाणे, साल, लगदा. वाफाळत नव्हतं एवढंच.

"साप्पिडुंगो, राव," त्या म्हणाल्या. जेवा. "तुमच्या पेटीने शुभ मुहूर्तावर शिजवलंय."

"अम्मा, चूक दुरुस्त…"

"आधी जेवा."

वेंकण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंखा बघत होते.

"मी राहुकाळ मानत नाही असं नाही," अम्मा म्हणाल्या. "माझ्या मुलीचं लग्न मी राहुकाळ टाळूनच लावलं. पण चुलीवर दूध उतू जातंय आणि मी घड्याळ बघत बसते, असं माझ्या आईनेसुद्धा केलं नाही. आणि हा शब्द मी मागितला कधी? माझ्या भिंतीवर आहे का तो?"

"नाही, अम्मा."

"मग माझ्या पेटीत कशाला? भिंतीवर नाही ते पेटीत नको. माझे आठ शब्द मला परत द्या, नाहीतर दशमीला तुमचा माणूस पाठवून पेटी उचला. मारिमुत्तू हाताने करेल. पोदुम." पोदुम म्हणजे पुरे. पळी पुसून डब्यात टाकली, पान टेबलावरच ठेवलं, आणि गेल्या.

सेल्वम हळूच म्हणाला, "मॅडम, 'बंद'ला राहुकाळातून सूट देता येईल. एक नवा शब्द घालू. 'राहुकाळातही'."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कॉफी आणायला गेला.

वेंकण्णा तरीही ऐकेनात. राहुकाळ काढला तर पेरियसामी जाणार. सुमारे काढला तर कुंभकोणम जाणार. आणि देवापुढे ठेवून पाठवलेला शब्द परत घ्यायचा, हे त्यांना मनातून सोसत नव्हतं, ते मला दिसत होतं. दुसऱ्या बाजूला गोमती अम्मांची पेटी उचलायचा दिवस जवळ येत होता. ती पेटी उचलली असती तर मीही उठले असते. घरी राजीनाम्याआधी करायच्या कामांची यादी तयार होती.

नवरात्रात एका संध्याकाळी वेंकण्णा बायकोबरोबर आमच्याकडे कोलू बघायला आले. सुंडल खाताना, म्हणजे आमची नवरात्रातली उसळ, त्यांना बसायला जागा नव्हती. ते नवव्या पायरीपासून कोपर वाचवत उभे होते.

"किती बाहुल्या केल्यास गे. पंखा लावता येत नाही?"

"नाही. क्रिकेट संघ पडतो."

"थोड्या कमी कर की."

"टाकायच्या नाहीत ना अण्णा. तुम्हीच सांगता."

त्यांनी सुंडलची वाटी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, "पण दशमीला संध्याकाळी आपण काय करतो? आरती करून एक बाहुली आडवी करतो. झोपवतो. दुसऱ्या दिवशी सगळ्या कापडात गुंडाळून पेटाऱ्यात. मोडत नाही, टाकत नाही. ज्याला पाहिजे त्याने पेटारा उघडावा. तुम्ही दरवर्षी मांडता, अण्णा. झोपवायला मात्र विसरला आहात. आपल्या भाषेत बारा महिने नवरात्र चाललं आहे."

वेंकण्णांनी सुंडल संपवलं. बोटं पुसली. "झोपवलं म्हणजे काढलं नव्हे," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"नव्हे."

"कोणी उठवलं तर उठणार?"

"पहिल्या ओळीत 'जागा हो, राहुकाळ' असं लिहिलं की उठणार. ज्याला हवा त्याने स्वतः लिहायचं. न लिहिणाऱ्याच्या पेटीत फक्त आठ. आणि अजून एक अण्णा: जो शब्द कुठल्याच गिरणीत कुणीच वापरत नसेल, तो मात्र मी काढून टाकणार. कायमचा."

ते हसले. "असा शब्द तुला सापडायचा नाही."

"बघू."

"सरि," म्हणाले. बरं. आणि जाताना क्रिकेट संघातला यष्टिरक्षक पाडून गेले.

त्या विजयादशमीला नेलची पहिली अशी आवृत्ती गेली जिच्यात नवं काही नव्हतं. चाचणी सेल्वमने आणि मी मंगळवारी सव्वातीनला, भर राहुकाळात घेतली. वेंकण्णा तेवढा वेळ खाली पितळी भांड्यांच्या दुकानात जाऊन बसले. पेन ड्राइव्ह घेऊन मी स्वतः मोपेडने गोमती अम्मांकडे गेले. अम्मांनी चष्मा लावला. पेटीचा पडदा बघितला, भिंत बघितली, पुन्हा पडदा. बोट ठेवून एकेक शब्द जुळवला. टाकी लावली. संध्याकाळी साळ मुठीत घेऊन चोळली, एक दाणा दाताखाली धरला, आणि एवढंच म्हणाल्या, "चांगली आहे. कॉफी घेणार?"

महिन्याभराने त्यांनी ऑफिसात तोच डबा पाठवला. दुपारपर्यंत तो कुणी उघडला नाही. आत नवा उकडा तांदूळ होता.

पुढची वर्षं मी शब्दांच्या मागे लागले. प्रत्येक झोपलेल्या शब्दाबद्दल गिरण्यांना फोन. दर वेळी कुणीतरी एक सापडायचाच. 'सुमारे' कुंभकोणमवाले सोडेनात. 'वारसा' तिन्ही भावांनी कोर्टाचा निकाल लागल्यावर मोठ्या उत्साहाने लावला. राहुकाळ पेरियसामींकडे अजून जागा आहे. त्यांचा एक माणूस त्या दीड तासात व्हॉल्व्हपाशी उभा असतो. एकही शब्द मला काढता आला नाही. वेंकण्णा दर दशमीला विचारायचे, "सापडला काय गे?" आणि वर पेढा द्यायचे.

गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. दिवस वेंकण्णांनी निवडला, अर्थात विजयादशमीचा. हार, शाल, फळांचं ताट. सेल्वम आता स्वतः बाप झालेला, त्याने भाषण केलं आणि मध्येच रडला. मग वेंकण्णा उभे राहिले. म्हणाले, सुगुणाला काय द्यावं सुचत नव्हतं, म्हणून आम्ही तिला विचारलंच नाही. आज सकाळी जी आवृत्ती गेली तिच्यात आम्ही गुपचूप एक नवा शब्द घातला आहे. पहिल्या ओळीत तो लिहिला की पेटी फक्त आठ शब्द ऐकते. इतर शब्दांना कुणी 'जागा हो' म्हटलं तरी उठत नाहीत. शब्द आहे 'सुगुणा'.

टाळ्या वाजल्या. शब्द कमी करण्यासाठी एक नवा शब्द! रडू येत होतं हे खरं, पण हसूही तितकंच येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस शिंकतो तशी मी शिंकले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गोमती अम्मा. आता बऱ्याच थकल्या आहेत, पण आवाज तसाच, खोलीभर ऐकू गेला.

"कण्णू, माझ्या पेटीच्या पडद्यावर नवा शब्द म्हणून तुझं नाव कशाला आलंय?"

मी सांगितलं. निरोपाची भेट आहे, मानाची गोष्ट आहे.

"मान ठीक आहे. पण भिंतीवर नाही."

"झोपलेलं आहे अम्मा, तुम्हाला त्रास देणार नाही."

"झोपलं काय, जागं काय. तुझं नाव लिहिल्यावर आठ राहणार, आणि नाही लिहिलं तरी माझ्याकडे आठच आहेत. मग कशाला?"

मी फोनवर हात ठेवून सेल्वमला विचारलं, "हा शब्द सकाळपासून कुठल्या गिरणीत कुणी वापरला?"

त्याने कॉम्प्युटर बघितला. "अजून कुणीच नाही, मॅडम. पण…"

त्याच्या 'पण'च्या पुढचं मी आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ऐकलं नाही. वेंकण्णांकडे पाहिलं. नियम त्यांनीच कबूल केलेला, आमच्या नवव्या पायरीपाशी उभं राहून. त्यांनी शालीची घडी सारखी केली.

"राहुकाळ नाही ना आत्ता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग काढ गे."

हार गळ्यात तसाच ठेवून मी खुर्चीत बसले. कीबोर्डावरचं कालचं चंदन अजून चिकट होतं. इतक्या वर्षांत नेलमधून कायमचा काढलेला शब्द एकच. तो मी संध्याकाळच्या आरतीआधी काढला, आणि घरी जाऊन कोलूतल्या लाकडी राजाला आडवं केलं.